एकच स्ट्रक्ट, तीन मापं: सोलापुरातल्या लूम-मॉनिटरचं एक प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लूमवर (यंत्रमागावर) बसवलेली नवी यंत्रणा फक्त एकी नंबरचे लूम दाखवत होती. १, ३, ५, ७. बेकीचे गायब. जे दिसत होते त्यांच्याही पिकांच्या, म्हणजे बाण्याचे किती धागे पडले त्या आकड्याच्या, रकान्यात आडवी रेघ, थांबण्याच्या कारणापुढे ‘अज्ञात’, आणि थांबलेल्या वेळेचे आकडे असे की बघणाऱ्याला वाटावं कारखान्याला टाळंच लागलंय. प्रत्यक्षात शेडमध्ये सगळे लूम खडखडत होते.

दोष सापडला तो सी भाषेतल्या एका छोट्याशा हेडर फाइलमध्ये, म्हणजे सामाईक व्याख्यांच्या फाइलमध्ये. दोष तसा जुनाच आहे, फर्मवेअर (यंत्राच्या बोर्डातला प्रोग्रॅम) लिहिणाऱ्या कुणालाही ऐकून माहीत असलेला. पण तो तपासणीतून सुटला कसा, याचं उत्तर कोड एडिटरमध्ये आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. एडिटरमध्ये एखाद्या नावावर माउस नेला की टाइप, साइझ, ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) अशी माहिती उमटते; हाच हॉवर. ती कुठला कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) देतो? लूमवरच्या बोर्डात जाणारी बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅम, बनवणारा तोच का? यंत्रणा बनवणाऱ्या टीमला हा प्रश्न पडला नव्हता. फारसा कुणालाच पडत नाही.

काम काय होतं

जुळे सोलापुरातली मोजक्या माणसांची टीम. फ्लॅटमध्येच ऑफिस. मी त्यांच्याकडे अधूनमधून कोड बघायला जातो. गिऱ्हाईक म्हणजे पूर्व भागात वाढलेलं आणि आता एमआयडीसीत शेड घातलेलं टेरी टॉवेलचं घराणं. मालकांची मागणी साधी होती: कुठला लूम किती पिक चालला, किती वेळ थांबला, कशामुळे थांबला. पिक म्हणजे बाण्याचा एक धागा आत पडणं. मजुरीचा हिशोबही शेवटी त्यावरच येतो, त्यामुळे आकडा चुकला तर भांडण ठरलेलं. टेरीला ताण्याच्या दोन बीम लागतात, एक जमिनीची आणि एक पाइलची (वर येणाऱ्या लूपांची), म्हणून थांबायची कारणंही जरा जास्त: ताणा तुटला, बाणा तुटला, पाइलची बीम संपली, कामगाराने हाताने थांबवला.

प्रत्येक लूमवर एसटीएम३२ जातीचा ३२ बिटी आर्म प्रोसेसरचा बोर्ड. सगळे बोर्ड आरएस-४८५ च्या तारेने सगळ्यांचे आकडे गोळा करणाऱ्या एका संकलक बोर्डाला जोडलेले, आणि तो संकलक शेडच्या कोपऱ्यातल्या केबिनमधल्या लिनक्स पीसीला यूएसबीने. संकलक सगळ्या लूमचे रिपोर्ट नंबराच्या क्रमाने पीसीकडे ओततो. पीसीवर सीमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम ते वाचतो, आणि वरचा डॅशबोर्ड टाइपस्क्रिप्ट या वेबच्या भाषेत आहे.

रिपोर्टचा आकार ठरवणारं हेडर बोर्ड आणि पीसी दोघांचं एकच. त्यात एक स्ट्रक्ट, म्हणजे माहितीच्या खणांचा एक साचा, चार फील्ड: लूम नंबर १६ बिटी अनसाइन्ड, थांबण्याचं कारण हा एनम (ठरावीक नावांची यादी, आत नुसता आकडा), पिकांची संख्या अनसाइन्ड लाँग, थांबलेले सेकंद ३२ बिटी अनसाइन्ड. संकलक तो स्ट्रक्ट मेमरीत असेल तसा बाइट-बाइट पाठवतो, पीसी तो तसाच उचलतो. मध्ये ना लांबी, ना सीआरसी (बाइट बिघडले तर पकडणारी संख्या). चाचणीचा टप्पा होता, ते नंतर घालायचं ठरलं होतं. जाणकार इथेच कपाळाला हात लावतील, आणि लावावाच.

टेबलावरच्या चाचणीत सगळं चोख चाललं होतं. कारण तिथे संकलकाच्या जागी लॅपटॉपवर चालणारा एक नकली पाठवणारा प्रोग्रॅम होता, म्हणजे दोन्ही टोकांना तोच ६४ बिटी लिनक्सचा जीसीसी कंपायलर. खरा बोर्ड वेगळा, डीबगर (चालू प्रोग्रॅम आतून बघायचं साधन) लावून तपासला होता. बोर्ड आणि पीसी एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते थेट शेडमध्येच.

जॉबरने काय पाहिलं

शेडमधले जॉबर, म्हणजे लूम चालते ठेवणारे मिस्त्री, तेलुगू-भाषक, वयाने मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. फर्मवेअर लिहिणारी मुलगी पीसीसमोर बसून लॉग चाळत होती, तेव्हा अण्णा मागे उभे राहून स्क्रीनकडे बघत होते.

“मॅडम, सात नंबरचा थांबलेला वेळ बघा. आठ चालू असला की तो वाढतोय. आत्ता आठचा बाणा तुटला, मी बघून आलो. आता बघा, तो आकडा पण थांबला.”

“सात बंद आहे का अण्णा?”

“सात कुठला बंद? सकाळपासून चालूच आहे.”

हे निरीक्षण सोन्यासारखं होतं. सातच्या ‘थांबलेले सेकंद’ या रकान्यात आठचे पिक येऊन बसत होते. म्हणजे डेटा खराब नव्हता, सगळाच्या सगळा पोचत होता. फक्त वाचणारा चुकीच्या जागेवरून वाचत होता.

मग सीरियलवर येणारे कच्चे बाइट छापून घेतले. सोळाच्या पायात लिहिलेला एक नमुना असा होता. चार-चार बाइटचे गट मी पाडलेत:

०७ ०० ०२ ०० | ०० १४ ०० ०० | ५एफ ०० ०० ०० | ०८ ०० ०० ०० | ०० १३ ०० ०० | १ई ०० ०० ००

पहिले तीन गट मिळून लूम सात: नंबर ७, कारण २ म्हणजे बाणा तुटला, पिक ५,१२०, थांबलेले सेकंद ९५. पुढचे तीन गट लूम आठ: कारण काही नाही, पिक ४,८६४, सेकंद ३०. म्हणजे एका रिपोर्टला १२ बाइट. पीसी मात्र एका रिपोर्टसाठी २४ बाइट उचलत होता. त्याच्या हिशोबाने लूम नंबर पहिल्या दोन बाइटमध्ये, तो बरोबर निघाला. कारण त्याला चौथ्या ऑफसेटवर हवं होतं. तिथे ५,१२० सापडलं, म्हणून ‘अज्ञात’. पिकांचे आठ बाइट त्याने आठव्या ऑफसेटपासून घेतले: खालच्या अर्ध्यात सातचे ९५ सेकंद, वरच्या अर्ध्यात आठचा लूम नंबर, मिळून ३,४३५ कोटी ९७ लाख ३८ हजार ४६३ पिक. डॅशबोर्ड असले अवास्तव आकडे लपवून रेघ ओढायचा, म्हणून तो मूर्खपणा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. आणि सोळाव्या ऑफसेटवर, जिथे त्याला थांबलेले सेकंद अपेक्षित होते, तिथे लूम आठचे ४,८६४ पिक. दोन रिपोर्ट मिळून एक वाचला जायचा, म्हणून बेकीचे लूम गायब.

आर्मवर अनसाइन्ड लाँग ४ बाइटचा, ६४ बिटी लिनक्सवर ८ चा. एनम पीसीवर ४ बाइट, बोर्डावर १. त्यावर अलाइनमेंटचं पॅडिंग, म्हणजे फील्ड ठरावीक पटीच्या जागेवर यावं म्हणून सोडलेले रिकामे बाइट. एकाच स्ट्रक्टचं माप एकीकडे १२, दुसरीकडे २४. इथवर पुस्तकी गोष्ट.

मग हॉवरमध्ये काय दिसलं होतं?

आता प्रकरणाचा गाभा. त्या मुलीने हे तपासलं नव्हतं असं अजिबात नाही. स्ट्रक्ट सरळ पाठवायचा तर दोन्हीकडचं माप जुळायला हवं, हे तिला ठाऊक होतं. तिने व्हीएस कोड या एडिटरमध्ये फर्मवेअरचं फोल्डर उघडलं, स्ट्रक्टच्या नावावर माउस नेला, साइझ आली २४ बाइट. पिकांच्या फील्डवर नेला: ऑफसेट ८, साइझ ८. मग पीसीच्या प्रोग्रॅमचं फोल्डर उघडून तेच केलं. तिथेही २४, तिथेही ८. जुळलं. पुढे.

तिचा हा भरवसा कुठून आला, तेही समजून घेण्यासारखं आहे. आधी तिने टाइपस्क्रिप्टवरच काम केलेलं. टाइपस्क्रिप्टमध्ये एडिटरला माहिती देणारा सर्व्हर आणि कमांडलाइनवरचा कंपायलर हे एकाच कोडचे दोन चेहरे आहेत. टाइप तपासणारा भाग तोच, सेटिंगची फाइलही दोघांची तीच. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने भाषा जाहीर केली तेव्हापासूनच एडिटरमधली मदत हा तिचा मोठा हेतू होता. त्यामुळे तिथे हॉवरमध्ये दिसतं ते कंपायलरचंच म्हणणं असतं. फार तर एडिटरसोबत आलेली आवृत्ती आणि प्रोजेक्टमधली आवृत्ती वेगळी निघते, एवढाच फरक. मायक्रोसॉफ्टनेच सी-शार्पचा कंपायलर ‘रोझलिन’ नावाने नव्याने लिहिला, २०१४ मध्ये खुला केला, तोही याच विचाराने: कंपायलर म्हणजे फाइल खाऊन बायनरी ओकणारी पेटी नव्हे, एडिटरच्या प्रश्नांना उत्तरं देणारी लायब्ररी.

सीच्या जगात, निदान जीसीसी वापरणाऱ्यांच्या जगात, तसं नाही. जीसीसीची पहिली आवृत्ती १९८७ ची. तिच्या पोटात कोडच्या रचनेचा पूर्ण वृक्ष तयार होतो, प्रत्येक नावाचा टाइप ठरतो, पण तो बाहेरच्या साधनाला सहज मिळत नाही. हे आपोआप घडलं नाही, यामागे धोरण होतं. तो वृक्ष पूर्णपणे बाहेर काढून दिला तर खाजगी मालकीची साधनं जीसीसीचा कोड वाचणारा पुढचा भाग फुकटात वापरतील आणि मशीनचा कोड बनवणारा मागचा भाग आपला बंदिस्त जोडतील, अशी जीसीसीचे मूळ लेखक रिचर्ड स्टॉलमन यांची भीती होती. प्लगिनची सोय आली ती २०१० च्या ४.५ आवृत्तीत, तीही परवान्यात आधी बंदोबस्त करून. ॲपलने २००७ मध्ये खुला केलेला क्लँग हा कंपायलर सुरुवातीपासूनच लायब्ररी म्हणून बांधलेला होता. एडिटरला उपयोग व्हावा हा त्याचा उघड उद्देश. आज सी आणि सी++ साठी एडिटरमध्ये मोठ्या प्रमाणात वापरला जाणारा सर्व्हर क्लँगडी, तो याच क्लँगवर उभा आहे. स्टॉलमन यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण जीसीसीने कोड बांधणाऱ्या माणसाला एडिटरमधली माहिती दुसऱ्याच कंपायलरकडून घ्यावी लागते, हा त्याचा व्यवहारातला परिणाम.

आणि क्लँगडी काही जीसीसीची बायनरी वाचत नाही. तो तुमची फाइल स्वतः नव्याने पार्स करतो, म्हणजे वाचून उलगडतो. सुरुवातीच्या हेडरांचा भाग एकदा वाचून साठवून ठेवतो, खालचा भाग तुम्ही टाइप कराल तसा पुन्हा पुन्हा तपासतो, अर्धवट ओळ आणि निसटलेला कंस चालवून घेतो, टाइप ठरवतो, आणि तिथेच थांबतो. मशीनचा कोड बनवतच नाही. हे सगळं कुठल्या प्रोसेसरसाठी, कुठल्या फ्लॅगनी (कंपायलरला दिलेल्या सूचनांनी), कुठल्या फोल्डरमधल्या हेडरांसह करायचं, हे त्याला तुम्ही सांगायचं असतं. सांगितलं नाहीत तर तो अंदाज करतो. टार्गेटचा, म्हणजे कोड ज्या मशीनसाठी त्याचा, अंदाज म्हणजे ज्या लॅपटॉपवर तो चालतोय तोच: ६४ बिटी इंटेल, लिनक्स. फर्मवेअरच्या फोल्डरात दिसलेले २४ बाइट हे लॅपटॉपचे २४ बाइट होते.

लाल रेघा कशा गेल्या

असा अंदाज चालू असताना एडिटर आरडाओरडा करत नाही का? करतो. सुरुवातीला तिच्या प्रत्येक फर्मवेअर फाइलमध्ये लाल रेघा होत्या, कारण एसटीची (चिप बनवणाऱ्या कंपनीची) हेडरं क्लँगडीला सापडत नव्हती. तिने शोधाशोध केली आणि सगळीकडे सांगतात तो उपाय केला: फोल्डरात कंपाइल-फ्लॅग्ज नावाची टेक्स्ट फाइल ठेवायची, एका ओळीवर एक फ्लॅग, त्यात हेडरांचे रस्ते. रेघा गेल्या. फक्त रस्ते दिले होते, टार्गेट नाही.

एक खूण तरीही उरली होती. डीएमएच्या (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणाऱ्या भागाच्या) रजिस्टरमध्ये बफरचा पत्ता भरणारी ओळ असते, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ३२ बिटी पूर्णांकात बदलून. त्या ओळीखाली एडिटरमध्ये पिवळी रेघ होती: पॉइंटर त्याच्यापेक्षा छोट्या पूर्णांकात कोंबताय. मेक (फर्मवेअर बांधायची कमांड) चालवलं की हा इशारा येत नव्हता, फक्त एडिटरमध्ये यायचा. आता, ३२ बिटी प्रोसेसरवर पॉइंटर ३२ बिटीच असतो. त्याला ३२ बिटी पूर्णांक लहान पडूच शकत नाही. म्हणजे ती पिवळी रेघ स्पष्ट सांगत होती की एडिटर स्वतःला ६४ बिटी मशीनवर समजतोय. टीममधल्या कुणीतरी ‘उगाच कटकट’ म्हणून तो इशारा बंद करणारा फ्लॅग त्याच टेक्स्ट फाइलमध्ये टाकून दिला.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महागडा फ्लॅग हा होता. आणि स्ट्रक्टची फाइल तर पूर्ण निष्पाप दिसायची. तिला एसटीची हेडरं लागतच नव्हती, फक्त भाषेसोबत येणारे प्रमाणित टाइप. तिच्यात पहिल्या दिवसापासून एकही रेघ नव्हती. चुकीच्या टार्गेटवरही तो कोड शंभर टक्के वैध सी होता.

दुरुस्ती, आणि मध्येच आलेलं १६

पीसीचा प्रोग्रॅम त्याच दिवशी बदलला: स्ट्रक्टमध्ये थेट वाचणं बंद, १२ बाइट घ्यायचे आणि एकेक फील्ड ऑफसेटवरून हाताने उचलायचं. लूमवरच्या बोर्डांना हात लावावा लागला नाही. तिथून संकलकापर्यंत दोन्ही टोकांना एकच कंपायलर होता, त्यामुळे तो टप्पा पहिल्यापासून बरोबर चालला होता. हे बरंच झालं, कारण बोर्ड लूमच्या डोक्यावर, झाकणावर कापसाच्या तंतूंचा थर. एक उघडायचा म्हणजे लूम थांबवायचा आणि मालकांचं तोंड बघायचं. बेकीचे लूम परत आले. अण्णांनी एक फेरी मारून आकडे पडताळले.

मालकांच्या दृष्टीने विषय संपला होता. पण एडिटर अजून २४ च म्हणत होता.

तेव्हा ती टेक्स्ट फाइल काढून टाकली आणि ‘बेअर’ नावाच्या साधनाखाली मेक चालवलं. बेअर मेकच्या मागे बसून प्रत्यक्षात चाललेली कंपायलरची प्रत्येक कमांड टिपून घेतो आणि कंपाइल-कमांड्स नावाच्या जेसॉन फाइलमध्ये लिहितो. क्लँगडी ती फाइल उचलतो. कमांडमधल्या कंपायलरच्या नावात ‘आर्म’ आहे, यावरून त्याला टार्गेट कळतं. कंपायलरची स्वतःची हेडरं कुठे आहेत, हे त्या कंपायलरलाच चालवून विचारायची परवानगी मात्र वेगळी द्यावी लागते, क्वेरी-ड्रायव्हर नावाच्या सेटिंगने. ती मुळात बंद असते ते योग्यच आहे. कुणाचाही प्रोजेक्ट नुसता उघडला म्हणून त्यातला कुठलाही प्रोग्रॅम आपोआप चालू लागला तर पंचाईत.

एडिटर पुन्हा सुरू केला, स्ट्रक्टवर माउस नेला. साइझ: १६ बाइट.

“सर, झालं ना? लाँग आता चार दाखवतोय,” ती म्हणाली.

लाँग चार होता, पॉइंटर चार होता, डीएमएच्या ओळीवरचा इशारा आपसूक गेला होता. पण तारेवर १२ बाइट जात होते आणि एडिटर १६ म्हणत होता.

अशा वेळी कोण खरं, हे ठरवायला तिसरा साक्षीदार आहे, आणि तो बहुतेकांच्या डिस्कवर पडूनच असतो. जीसीसी वृक्ष देत नसला तरी डीबगसाठी बांधताना टाइपची माहिती बायनरीतच लिहून ठेवतो, ड्वार्फ नावाच्या प्रमाणित रूपात. प्रत्येक स्ट्रक्ट, प्रत्येक फील्डचा ऑफसेट, साइझ. ही एडिटरसाठी नव्हे, डीबगरसाठी असते, पण खऱ्या कंपायलरने खऱ्या फ्लॅगनी लिहिलेली असते. जीडीबी या डीबगरमध्ये पी-टाइप या कमांडला स्लॅश-ओ जोडला की तो ऑफसेटसकट छापून देतो. पाहोल नावाचं साधनही तेच करतं. उत्तर आलं: लूम नंबर ऑफसेट ० वर, २ बाइट, कारण ऑफसेट २ वर, १ बाइट, मग एक बाइट पोकळ, पिक ४ वर, सेकंद ८ वर. एकूण १२.

फरक एनमचा. आर्मच्या एबीआयमध्ये, म्हणजे डेटा मेमरीत कसा मांडायचा याच्या नियमांत, एनमला दोन्ही मोकळीक आहे: बसेल त्या सगळ्यात छोट्या पूर्णांकात ठेवा, किंवा सरसकट इंटइतका ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या बोर्डासाठीचा आर्म जीसीसी न सांगता पहिला पर्याय घेतो. पाच-सहा कारणांचा एनम एका बाइटमध्ये बसवतो. क्लँग त्याच टार्गेटला न सांगता दुसरा घेतो. ‘न सांगता’ हीच अडचण. मेकफाइलमध्ये हा फ्लॅग कुठेच नव्हता, म्हणून बेअरने टिपलेल्या कमांडमध्येही नव्हता. जे कुणी लिहिलंच नाही, ते टिपणार कोण? फ्लॅगची यादी अक्षरशः तीच, टार्गेट तेच, आणि तरी दोन कंपायलरांचं मत वेगळं.

क्लँगडीच्या सेटिंग फाइलमध्ये शॉर्ट-एनम्सचा फ्लॅग जोडला. साइझ: १२.

२४, १६, १२. मधल्या १६ वर समाधान मानलं असतं तर पुढच्या वेळी कुणीतरी एनम असलेला दुसरा स्ट्रक्ट त्याच भरवशावर पाठवला असता. अर्धवट सुधारलेला एडिटर पूर्ण चुकलेल्यापेक्षा वाईट, कारण ‘आपण सगळं नीट लावलंय’ ही खात्री तोपर्यंत मनात बसलेली असते.

कोडमध्येच लिहिलेलं माप

यावर बैठकीत दोन मतं पडली. एक: क्लँगडी नको, हॉवर बघू नका, साइझ हवी तर जीडीबीत बघा. हे टिकत नाही. दिवसभर समोर दिसणाऱ्या माहितीकडे माणूस बघणारच. दुसरं: जीसीसी सोडून फर्मवेअरही क्लँगनेच बांधा, म्हणजे बोलणारा आणि बांधणारा एकच होईल. तत्त्वतः पटण्यासारखं आहे. पण चालत्या कारखान्याच्या यंत्रणेचा कंपायलर एडिटरच्या सोयीसाठी बदलणं मला झेपणारं वाटलं नाही.

शेवटी जे केलं ते सी११ (भाषेचं २०११ चं प्रमाण) पासून भाषेत असलेल्या स्टॅटिक असर्टने, म्हणजे बांधतानाच तपासल्या जाणाऱ्या विधानांनी. हेडरमध्ये स्ट्रक्टच्या खाली विधानं लिहिली: या स्ट्रक्टची साइझ १२, पिकांचा ऑफसेट ४, सेकंदांचा ८. फर्मवेअरपुरत्या वेगळ्या हेडरमध्ये आणखी दोन: पॉइंटर ४ बाइट, कारणाचा एनम १ बाइट. विधान खोटं निघालं तर जीसीसी बांधायलाच नकार देतो, हा नेहमीचा उपयोग. इथे मला जास्त मोलाचा वाटला तो दुसरा. ही विधानं क्लँगडीही टाइप ठरवताना तपासतो. उद्या कुणी नवा लॅपटॉप घेतला, कंपाइल-कमांड्सची फाइल बनवायची विसरला आणि एडिटर परत स्वतःला इंटेल समजू लागला, तर ‘पॉइंटर ४ बाइट’ या ओळीखाली लाल रेघ येते. म्हणजे आता कोड एडिटरलाही तपासतो. दोन्ही कंपायलरांनी एकाच कागदावर सही केल्याशिवाय हॉवरमधल्या आकड्यावर विसंबायचं नाही, असं ठरलं.

स्ट्रक्टही सुधारला. कारण तारेवर ८ बिटी पूर्णांक म्हणून जातं, एनम फक्त आतल्या कोडपुरता राहिला. त्यामागे एक राखीव बाइट उघडपणे लिहिला. पिक ठरावीक ३२ बिटी. बाइटची मांडणी जुनीच राहिली. सीआरसी आणि लांबी संकलकाच्या पुढच्या आवृत्तीत घातली, जी पहिल्याच आवृत्तीत असायला हवी होती.

एक तक्रार मात्र साधनांविरुद्ध नोंदवतो. एडिटर आणि भाषेचे सर्व्हर यांच्यातला प्रोटोकॉल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने खुला केला, आणि त्याने फार मोठं काम केलं. प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचा वेगळा जोड लिहायची कटकट संपली. पण त्यात हॉवरचं उत्तर म्हणून परत येतो तो नुसता मजकूर. ‘साइझ २४ बाइट’ एवढंच. कुठल्या टार्गेटसाठी, कुठल्या फ्लॅगनी, की फ्लॅग न सापडल्याने अंदाजाने, याला तिथे ठरलेली जागा नाही. क्लँगडीच्या लॉगमध्ये तो कुठली कमांड धरून चाललाय ते दिसतं, पण रेघ नसताना लॉग उघडतंय कोण?

इतर भाषांनीही हा पेच आपापल्या परीने सोडवलाय. ओकॅमलचा कंपायलर २०१२ च्या ४.०० आवृत्तीपासून टाइप लावलेला पूर्ण वृक्षच फाइलमध्ये लिहून देऊ शकतो. हॅस्केलच्या जीएचसीने २०१९ मध्ये ८.८ आवृत्तीत तशाच फाइलची सोय केली. माहिती थेट खऱ्या कंपायलरची, पण शेवटच्या यशस्वी बांधणीची. अर्धवट लिहिलेल्या ओळीबद्दल ती गप्प. रस्टने उलटा प्रवास केला. आधीचा सर्व्हर कंपायलरने काढून दिलेल्या विश्लेषणावर अवलंबून होता, ते मंद पडायचं. नंतर आलेल्या रस्ट-ॲनालायझरने टाइप तपासणारा भाग स्वतःच नव्याने लिहिला आणि २०२२ मध्ये जुन्याची जागा घेतली. टाइप करता करता उत्तर हवं तर खऱ्या कंपायलरपासून थोडं दूर जावं लागतं. क्लँगडी आणि जीसीसीची जोडी या सगळ्यांत लांबच्या टोकाला बसते, कारण तिथे दोन कंपायलर दोन वेगळ्या घरांतले आहेत.

टीमचं पुढचं काम ईएसपी३२ वर आहे, वाय-फाय हवं म्हणून. त्या चिपचा प्रोसेसर एक्सटेन्सा जातीचा, कंपायलर पुन्हा जीसीसीचाच एक अवतार, आणि उत्पादकाने त्यासाठी क्लँगडीची वेगळी बांधणी दिलेली आहे. पहिल्याच दिवशी एडिटर कुरकुरला: लाँग-कॉल्सचा फ्लॅग ओळखत नाही, व्होलटाइल बिटफील्डचा (बिटांत मोजलेल्या फील्डचा) फ्लॅग ओळखत नाही. सेटिंग फाइलमध्ये असे अनोळखी फ्लॅग वगळायची सोय आहे, आणि ते वगळावेच लागतात. त्या मुलीने वगळलेल्या प्रत्येक फ्लॅगपुढे एक टिपण ठेवायला सुरुवात केलीय: याने टाइपचं माप बदलतं का, आणि ते जीडीबीत पाहिलं का. लाँग-कॉल्सपुढे ‘नाही, पाहिलं’ असं आहे. बिटफील्डच्या फ्लॅगपुढची जागा मी परवा गेलो तेव्हा रिकामी होती; तिच्या स्ट्रक्टमध्ये सध्या एकही बिटफील्ड नाही, म्हणून ते काम मागे पडलंय.